ताईच्या गाण्याला कौल

आमच्या रेडिओ स्टेशनावर जुनी गाणी निवडायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळं गाव तबकडी म्हणायचं. तोंडावरही. चेहरा गोल होता म्हणून नव्हे. बोलायला लागला की गडी एकाच खाचेत फिरत राहायचा म्हणून. मी तिथे निवेदक. तो गाणी ठरवायचा आणि दोन गाण्यांमधली फट मी थापांनी बुजवायचो. अशी आमची वाटणी, आणि ती पुष्कळ वर्षं बिनतक्रार चालली.

जुनी गाणी लावणं हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. कपाट उघडा, काढा, लावा. पण दोन रडकी गाणी पाठोपाठ आली की न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून जातं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तासाभरात एकच आवाज दोनदा आला तर लोक म्हणतात, हा गायक स्टेशनवाल्यांचा मेहुणा दिसतो. सकाळी उठवणारं, दुपारी डोळा लागला तरी राग न धरणारं, आणि संध्याकाळी घरी निघालेल्या माणसाला घर बरं वाटेल असं गाणं लागतं. शेवटचं सगळ्यांत अवघड. तबकडी हे सगळं नुसत्या कानाच्या जोरावर जमवायचा. त्याचा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं आम्ही सगळे म्हणायचो आणि त्यालाही ते मान्य होतं.

फक्त एका गाण्याला त्याचा कुठलाच नियम लागू नव्हता. ते रोज लागायचं, सकाळी दुकानांची शटरं वर जायच्या वेळेला. ते त्याच्या ताईचं गाणं होतं.

आई गेली तेव्हा तबकडी इतका लहान होता की आई म्हटलं की त्याला ताईच आठवायची. विशी गाठायच्या आत ताईने एका संगीतकाराकडे एक गाणं म्हटलं, त्याची रेकॉर्ड निघाली, आणि वर्ष उलटायच्या आत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलण्यापुरता आवाज उरला, तोही सुतळीसारखा. तिने शिलाई मशीन घेतलं, शाळांचे गणवेश शिवले, भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहूनच गेलं. तबकडी स्टेशनावर चिकटला त्याच दिवशी त्याने तिला शब्द दिला, की मी आहे तोवर तुझा आवाज या गावातून जाणार नाही. आणि त्या शब्दाला तो असा जागला की विचारू नका.

किती जागला, ते सांगतो. त्या रेकॉर्डला दुसऱ्या कडव्यात एक चरा होता, तिथे सुई उडी मारायची. न्हाव्याच्या पिंजऱ्यातली साळुंकी ते गाणं चऱ्यासकट म्हणायची. गवंडी त्या ठेक्यावर विटा लावायचे आणि चरा आला की एक वीट वाकडी बसायची. आमच्या पोस्टाची मागची भिंत जाऊन बघा. एका चोराने भल्या सकाळी घर साफ केलं, पोतं खांद्यावर घेतलं, आणि शेजारच्या घरात ते गाणं सुरू होतं म्हणून दारातच थबकला. सुई उडी मारल्याशिवाय पाय उचलवेना बिचाऱ्याचा. तेवढ्यात घरमालक आला. पुढे चांगली प्रत मिळाली, चरा गेला, तर लोकांनी फोन करून सांगितलं की गाणं बिघडलंय.

दर रविवारी तबकडी ताईच्या दुकानी जायचा. ती मशीनवर, हा स्टुलावर. चहा यायचा. मग हा विचारायचा, "ऐकलंस का या आठवड्यात?" आणि ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "ऐकलं की." एवढं झालं की हा सुखाने चहा प्यायचा. मी बरोबर असलो की मला कोपराने ढोसायचा, बघ, चेहरा कसा उजळला. मला तिचा चेहरा टाचण्या काढलेल्या बाईसारखाच दिसायचा. पण भावाबहिणीच्या मध्ये आपण कोण बोलणार.

मग स्टेशनाला नवे मालक आले आणि त्यांनी एक सल्लागार बाई आणली. वयाने आमच्या मुलीसारखी, स्वभावाने बरी, पण प्रत्येक गोष्टीला फूटपट्टी लावणारी. मी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं आणि तिला ते कळल्यावर ती हसली, हेही सांगून ठेवतो. तिने आम्हाला पहिल्याच बैठकीत समजावलं की जुनं म्हणजे जुनं नव्हे. ऐकणारा पंधरा-वीस वर्षांचा होता तेव्हा जे वाजत होतं ते त्याचं जुनं. ऐकणारी माणसं बदलतात, म्हणून जुनंही दरवर्षी पुढे सरकतं. मागच्या टोकाची माणसं गळतात, त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही. मी विचारलं, माणसं गळून जातात कुठे? ती म्हणाली, जात नाहीत, जाहिरातवाले त्यांना मोजायचं सोडतात. मी माझ्या वयाचा हिशेब केला आणि लक्षात आलं की आपण बरेच दिवस झाले गळून, कुणी बोललं नव्हतं इतकंच.

तर ठरलं असं, की मागच्या टोकाची सगळी गाणी लोकांपुढे ठेवायची. शाळेचा हॉल घ्यायचा, गावातली माणसं बसवायची, प्रत्येकाच्या हातात एक डबी आणि डबीला रेडिओसारखा एक कान. गाण्याचा लोकांच्या तोंडी बसलेला तेवढाच तुकडा वाजवायचा. हवंसं वाटलं तर कान उजवीकडे पिळायचा, नकोसं वाटलं तर डावीकडे. बाजूच्या खोलीत पडद्यावर एक रेघ वर-खाली होणार. रेघ खाली बसली की गाणं यादीतून गेलं. त्यात ताईचं गाणंही होतं.

तबकडीच्या तोंडचं पाणी पळालं. मला कॅन्टीनमध्ये ओढून तो त्याच खाचेत फिरायला लागला. तिला दुसरं आहे काय, त्या गाण्याशिवाय तिला आहे काय. सकाळी ते ऐकते म्हणून ती दिवसभर मशीन रेटते. ते बंद झालं तर मी तिच्यासमोर जाऊ कसा. मी म्हटलं, सांगून टाक तिला, ती समजूतदार आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिचा गळा पुन्हा कापायला सांगतोय.

आणि मग त्याला युक्ती सुचली. हॉलमध्ये माणसं जमवायचं काम आमच्याच ऑफिसकडे होतं. मोजपट्टीने बजावलं होतं की स्टेशनशी संबंध नसलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं आणा. तबकडीने काय करावं? त्याने हॉल घरच्यांनी भरला. स्वतःची बायको, तिचे दोन्ही भाऊ, त्यांच्या बायका, शेजारचं बिऱ्हाड, न्हावी, गल्लीतला गवंडी, ज्या ज्या घरात तो कधी पाहुणा म्हणून राहिला त्या घरातली माणसं. वर तुकडे कापायचं कामही त्याने मागून घेतलं आणि ताईच्या गाण्यातली नेमकी ती ओळ काढली जिच्या शेवटच्या शब्दावर तिचा आवाज किंचित खाली झुकतो. तो झोका ऐकून अख्खं गाव मान डोलवतं, असं त्याचं म्हणणं होतं.

ताईला बोलवायला आम्ही दोघे गेलो. तिने आधी नाही म्हटलं, गणवेशांची घाई आहे म्हणाली. मग एवढंच विचारलं, "तिथे खरं सांगायचं असतं का रे, धाकट्या?"

"अगदी खरं," तबकडी म्हणाला. "मनात येईल तसा कान पिळायचा. तू कोणती डबी पिळलीस ते कुणाला कळत नाही."

येते म्हणाली.

त्या दुपारी बाजूच्या खोलीत आम्ही चौघे होतो: मालक, मोजपट्टी, तबकडी आणि मी. पडद्यावर रेघ नाचत होती. एक प्रेमगीत गेलं, रेघ चढली. एक विनोदी गाणं गेलं, रेघ छपराला लागली, मालकांनी मान हलवली. तबकडीने माझं मनगट धरलं होतं. ताईच्या ओळीआधीची सुरावट सुरू झाली, आणि तिचा आवाज यायच्या आधीच रेघ अशी खाली गेली जसा दोर तुटलेला पोहरा विहिरीत जातो. मला तर बुडाल्याचा आवाजही आला.

मोजपट्टी म्हणाली की असं तिने क्वचित पाहिलंय. गाणं ओळखतात सगळे, हवंय कुणालाच नाही. मग तिने एकेका डबीची रेघ वेगळी करून दाखवली. बहुतेक रेघा कंटाळून खाली उतरलेल्या होत्या. एक मात्र पहिल्या सुरालाच डाव्या टोकाला जाऊन चिकटली होती आणि तुकडा संपेपर्यंत हललीच नाही. मोजपट्टीने खुर्चीचा नंबर वाचला आणि मालकांना विचारलं, या खुर्चीवर कोण आहे बुवा, त्याने तर कान उपटायचाच बाकी ठेवलाय. मालकांना काय माहीत. तबकडीला माहीत होतं. पुढच्या रांगेतल्या त्या खुर्चीवर त्यानेच ताईला हात धरून बसवलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस, एवढं कसं कळलं नाही? ते गाणं गावात सगळ्यांत जास्त कुणी सोसलं होतं? याच माणसांनी. परक्यांनी भरलेला हॉल असता तर रेघ वाचलीही असती. हे पुढे मोजपट्टीच म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात चहा-बिस्किटं होती आणि सगळे नातेवाईक शाळा सुटल्यासारखे खुशीत होते. तबकडीने आधी बायकोला गाठलं. ती काही लपवणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, "अहो, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या गाण्यावर मी चहात साखर टाकतेय. एक दिवस फिका पिऊन बघावा म्हटलं." मेहुण्याने आपण डबी उलटी धरली होती असं सांगितलं, न्हाव्याने साळुंकीवर ढकललं. तबकडी कुणाकडेच बघत नव्हता. तो ताईकडे गेला. ती खांबाशी उभी राहून पर्सचा बंद नीट करत होती.

"तू पण?" त्याने विचारलं.

तिने बंद लावला. मग त्या सुतळीसारख्या आवाजात बोलली, आणि व्हरांडा आपोआप गप्प झाला.

"त्या ओळीच्या शेवटी मी घसरलेय, धाकट्या. गाताना कळलं होतं. म्हटलं, परत घ्या. संगीतकार म्हणाले, स्टुडिओची वेळ संपली, कुणाला कळतंय."

"ती चूक नाही, ताई. ती जागा आहे. त्या जागेसाठी तर लोक..."

"चूक आहे. गळा होता तेव्हा एकदा चुकले. दुसरं काही गाऊन पुसून टाकेन म्हटलं, तर गळाच गेला. आणि तू ती रोज लावलीस. रोज सकाळी शटर वर करते आणि सगळ्या बाजारासमोर तिथेच घसरते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दर रविवारी असा विचारायचास," ताई म्हणाली. "मला वाटायचं, तुला तेवढंच सुख आहे."

मी थापाड्या माणूस, माझ्याकडे कुठल्याही फटीत घालायला काहीतरी असतं, पण त्या फटीत मला काही घालता आलं नाही. तबकडीच्या मेहुण्याने बिस्किटाची बशी पुढे केली, एवढंच झालं.

आता खरं तर गाणं तिथेच वाचलं असतं. व्हरांड्यातलं सगळं मोजपट्टीने ऐकलं होतं आणि हॉलमध्ये कोण कोण बसवलं होतं ते तिच्या ध्यानात आलं होतं. चिडायला हवी होती. पण तिने तबकडीला बाजूला घेऊन सांगितलं की ही चाचणी रद्द, परकी माणसं बसवून पुन्हा घेऊ, मालकांना मी समजावते. आणि तिच्या मते ते गाणं परक्यांत पास होईल, कारण तो शेवटचा झोका तिला स्वतःला फार आवडला होता.

"नको," तबकडी म्हणाला. "कौल लागला."

त्याच संध्याकाळी त्याने ते गाणं स्वतःच्या हाताने यादीतून काढलं. ताईसाठी काढलं असं समजू नका. मी बाजूला बसलो होतो. ज्या रीतीने त्याने ते बटण दाबलं, त्या रीतीने माणूस शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावतो.

दुसऱ्या दिवशी शटरं वर जायच्या वेळेला दुसरंच गाणं लागलं. तबकडी फोनसमोर बसून राहिला. गाव उठेल, विचारेल, असं त्याला वाटत असावं. फोन आला तो विजेच्या बिलाबद्दल. आठवडा गेला, कुणाला पत्ता नाही. गवंड्यांचा ठेका चुकला असेल, तेवढंच. मला त्याची दया आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी स्टेशनाला फोन लावला, नाकातून आवाज काढला आणि म्हटलं, मी एक म्हातारा श्रोता, ते सकाळचं गाणं का हो बंद केलंत, आमच्या म्हातारीला घास उतरत नाही. तबकडीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हातारीला सांग पातळ खात जा म्हणावं," म्हणाला. "आणि तू दुपारच्या बातम्यांना वेळेवर ये."

पण तो हसला नव्हता. आणि रविवारी ताईकडे गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी हटकलं तर म्हणाला, जाऊन बोलू काय? इतकी वर्षं आमच्यात तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती मी चुकीची ऐकत होतो. माझा कान म्हणे सोनाराचा काटा. मी म्हटलं, अरे, तिला मशीनचं विचार, गुडघ्यांचं विचार. तो म्हणाला, आता विचारलं तर ती खरं सांगेल.

काम मात्र पूर्वीपेक्षा चोख करायला लागला. मोजपट्टी निघून गेली तरी तिचे आकडे त्याने पाठ केले. कुठलं गाणं किती जणांना हवं, किती जणांना पुरे, हे तो न अडखळता सांगायचा. खोलीतला स्पीकर मात्र बंद. गाणी ऐकायचाच नाही. आकडा बघायचा आणि रांगेत उभं करायचा. स्टेशन चांगलं चालायला लागलं. मालकांनी त्याचं कौतुक केलं तेव्हा तो असा उभा होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

शेवटी मी ताईकडे गेलो. ती गणवेशाच्या ढिगाऱ्यात बसली होती, रेडिओ चालू होता. म्हणाली, आता सकाळी कसं मोकळं वाटतं. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मी गाणं नको म्हटलं होतं रे. धाकट्याला कुठे नको म्हटलं?"

मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, त्याला सांग. तो येत नाही तर तू जा.

ती आली. भर दुपारी, चांगलं लुगडं नेसून, हातात त्याच्यासाठी शिवलेला सदरा. इतक्या वर्षांत ती स्टेशनात पहिल्यांदाच येत होती. शिपायाने तिला आतपर्यंत आणून सोडलं, स्टुडिओच्या काचेपाशी. काचेच्या आत तबकडी एकटाच बसला होता. मी व्हरांड्याच्या टोकाला होतो, तिथून मला दोघंही दिसत होते.

ती काच इतकी जाड आहे की बाहेर ढोल बडवला तरी आत टाचणी पडल्याइतकाही आवाज येत नाही. आतल्या माणसाला बाहेरचं ऐकायचं तर त्याच्या हाताशी एक बटण असतं, ते दाबावं लागतं. ताईला हे कुठून माहीत असणार. ती काचेजवळ तोंड नेऊन बोलायला लागली. सावकाश, थांबत, मनात जुळवून आणलेलं असावं तसं. तबकडी बघत होता. त्याचा हात बटणाच्या बाजूला होता. हे मी थापेने सांगत नाही, मी तो हात पाहिला. तो हात उठला. मला वाटलं, दाबतोय. त्याने बोटाने दारावरचा लाल दिवा दाखवला आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

लाल दिवा लागला होता हे खरं. पण त्या वेळी नुसती रांगेतली गाणी चालू होती. ती यंत्र लावतं. आत माणूस असला काय, नसला काय, तो शिंकला काय, रडला काय, गावाला काही ऐकू जात नाही. हे तबकडीला माहीत होतं, मला माहीत होतं, शिपायालासुद्धा माहीत होतं.

ताईला माहीत नव्हतं. तिच्या वेळी लाल दिवा म्हणजे श्वासही जपून घ्यायचा. ती अर्ध्या शब्दावर गप्प झाली. तोंडावर हात ठेवून तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली, चुकलं माझं अशी. सदरा खुर्चीवर ठेवला. मग चपला काढून हातात घेतल्या, आवाज नको म्हणून, आणि चवड्यांवर चालत व्हरांडाभर गेली.